डाव्या वळणाच्या बरण्या

९ जानेवारी

भुंगे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच कचऱ्यात टाकणार, म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते. मला डावी सापडली आहे. जिवंत.

आता वाचशील.

झालं असं, की माझी खालची दाढ आठ दिवस ठणकत होती. तुला माहीतच आहे, दुखणं अंगावर काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही. शेवटी घासही गिळवेना तेव्हा कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्याच्या बसायच्या खोलीत माशांची टाकी आहे. गालाला रुमाल धरून मी तिच्यासमोर बसले, आणि काचेवर एक गोगलगाय चढत होती, पोट माझ्याकडे करून. तीस वर्षांची सवय, शंखाचं टोक वर आलं की तोंड कुठल्या हाताला आहे ते डोळा आपोआप बघतो. उजव्या हाताला असतं. नेहमीच असतं. हिचं डाव्या हाताला होतं.

मी उठून टाकीला नाक लावलं. मग मागून जाऊन पाहिलं, मग वरून. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, "बाई, दाढ तोंडात आहे, टाकीत नाही." मी त्याला म्हटलं, दाढ राहू द्या, मला एक बरणी द्या.

ती तिथे आली कशी हे विचारशील, तर आता एक कबुली. तुझं संशोधन चालू होतं तेव्हा कालव्यातल्या त्या पहिल्या डाव्या गोगलगायीची पिल्लं मोजून चौदा बरण्यांत ठेवलीस आणि उरलेली मला टाकून द्यायला सांगितलीस. त्यातली चार मी टाकली नाहीत. टाकीची काच शेवाळाने हिरवी होते म्हणून हा डॉक्टर कुरकुरत होता, त्याला नेऊन दिली. बदल्यात तो मला नंबर न लावता आत घ्यायचा. संस्थेत मी सांभाळते त्या टाक्यांच्या खोलीतलं काही बाहेर जाता कामा नये हा नियम मीच सगळ्यांना ऐकवायचे, आणि मीच रुमालात गुंडाळून चार गोगलगायी बाहेर नेल्या. तेव्हा लाज वाटली नव्हती, आज तर मुळीच वाटत नाही.

पुढे हीटर बिघडून तुझं सगळं शेल्फ उकडून निघालं, तू नोकरी सोडलीस, आणि ती चार तिथे काचेवरचं शेवाळ खात राहिली. चार वर्षं झाली. आता तिथे त्यांची नातवंडं-पतवंडं आहेत. मी नऊ आणल्या, एक डावी आणि आठ उजव्या. नऊ बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने मांडल्या आहेत. कोथिंबिरीची कुंडी त्यासाठी खाली उतरवली.

ऑगस्टअखेर मी निवृत्त होते. त्याआधी तुझं काम परत उभं करायचं असं मी ठरवलं आहे. तुझी परवानगी मागत नाही, नुसतं कळवते आहे.

ताई


२ मार्च

भुंगे,

उत्तर नाही. ठीक आहे. चार वर्षांत सहा पत्रांना नाही, तर सातव्याला कुठून येणार.

डावीने काल सकाळी दहाला अंडी घातली. काचेला चिकटलेली ती लांबट चिकट पट्टी, आत मोहरीएवढे पारदर्शक दाणे. मी बरणी कापडी पिशवीत घालून कामावर नेली आणि दुपारी मायक्रोस्कोपखाली घेतली. एकाच्या दोन पेशी, दोनाच्या चार. तुझा तो आठ पेशींचा टप्पा यायची वाट बघत बसले.

आठवतं तुला? जेवायच्या टेबलावर उकडलेल्या अंड्यावर पेन्सिलने तू तीन रेघा मारल्या होत्यास. एक डोक्यापासून शेपटीकडे, एक पाठीकडून पोटाकडे, एक डावीकडून उजवीकडे. म्हणालीस, ताई, कुठलाही प्राणी घे, माशी, बेडूक, माणूस, आधी या तीन रेघा ठरतात आणि मग बाकीचं घर बांधलं जातं. गोगलगायीत तिसरी रेघ आपल्या डोळ्यांसमोर ठरते, म्हणून मला गोगलगायी हव्यात. चार मोठ्या पेशींवर चार लहान पेशी बसतात, पण सरळ बसत नाहीत, जराशा सरकून बसतात. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सरकल्या तर शंख उजवा, हृदयही त्याच हिशेबाने. उलट्या दिशेने सरकल्या तर सगळं उलट. तेव्हा मी म्हटलं होतं, छान, आता ते अंडं खा.

अडीच वाजता सरकल्या. उजवीकडे. एकूण एक अंडं उजवीकडे.

डावीची पिल्लं उजवी, म्हणजे तेव्हाही सगळे म्हणाले तेच खरं, की कालव्यातली ती डावी हा नुसता अपघात होता, तिच्या वंशात काही उतरलंच नव्हतं, आणि टाकीतली ही तसाच दुसरा अपघात. घरी आले, बरण्यांकडे बघवेना. मग पेटीतून तुझी वही काढली. तू टेबलाच्या खणात टाकून गेली होतीस ती. चार वर्षं मी ती जपून ठेवली आणि एकदाही उघडली नाही. का उघडली नाही ते मला आता कळतं आहे.

तुझं अक्षर म्हणजे मुंगीने शाईत पाय बुडवून केलेली धावपळ, पण चौदाव्या पानावर तू चौकट करून लिहिलं आहेस: "शंखाचं वळण गोगलगायीचं स्वतःचं नसतं, तिच्या आईचं असतं. आई अंड्यात जे भरून ठेवते त्यावर ते ठरतं. म्हणून हिच्या अंगात काय आहे हे हिच्या शंखावर शोधू नये, हिच्या पिल्लांवर शोधावं. एक पिढी थांबावं." आणि खाली, "बरणीवर चिठ्ठी लावताना शंख बघू नये. पिल्लं काय निघतात ते लिहावं."

मी ते चार वेळा वाचलं. तुझ्या चौदापैकी तीन बरण्यांवर "डावी" अशी चिठ्ठी होती. त्या तिन्हींत उजव्या शंखाच्या गोगलगायी होत्या.

पुढचं मला लिहायचं आहे, पण आज नाही.

ताई


६ मार्च

भुंगे,

चार दिवस टाळलं. आज सुट्टी घेतली, दाराला कडी लावली आणि लिहायला बसले. सलग लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा पळवाट काढेन.

हीटर बिघडला नव्हता.

तू परिषदेला त्या पहिल्या डावीचा फोटो घेऊन गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी मी शेल्फ पुसत होते. तीन बरण्यांवर "डावी" लिहिलेलं आणि आत उजव्या. तुला आपल्या खोलीचा नियम माहीत आहे. डाव्यांच्या भांड्यात उजवी दिसली म्हणजे पाणवनस्पतीला चिकटून बाहेरची घुसली, ती काढायची आणि भांडं उकळत्या पाण्याने धुवायचं, नाहीतर सगळा वंश भेसळीचा होतो. तो नियम मीच घालून दिला होता आणि त्याचा मला गर्व होता. मनात म्हटलं, एवढी शिकलेली बाई, पण साधी चिठ्ठी नीट लावता येत नाही. किटली आणली आणि तिन्ही बरण्या धुतल्या. काचेवर अंड्यांच्या पट्ट्या होत्या, आतली पिल्लं डोळ्याला दिसण्याएवढी मोठी नव्हती. त्या पट्ट्याही गेल्या. काम चोख झालं म्हणून वर चहा प्यायले.

पाचव्या दिवशी तुझा फोन आला. तू हसत होतीस. म्हणालीस, इथे सगळे म्हणतायत की फोटो उलटा छापलाय, आरशातल्यासारखा, म्हणू देत, मी जिवंत पिल्लं दाखवीन, उजव्या आयांच्या पोटी डावी पिल्लं, तीन बरण्या भरून आहेत माझ्याकडे. आणि म्हणालीस, "ताई, त्या तीन बरण्या जिवापाड जप."

मी "हो" म्हटलं.

फोन ठेवला आणि तासभर स्टुलावर बसून राहिले. खरं सांगायला तेवढा तास होता. पण तीस वर्षांत माझ्या हातून एक मासासुद्धा हलगर्जीपणाने मेला नव्हता, सगळे माझं उदाहरण देत. आणि दुसरंही होतं, तेही लिहिते. आपल्या घरात एकीच्याच शिक्षणाची सोय होती आणि आईने तुला निवडलं. मी बादल्या उचलल्या, तू वह्या भरल्यास. मला तुझा अभिमान होता हे खरं आहे, आणि तू कुठेतरी चुकावीस असं कधीकधी वाटायचं हेही खरं आहे. मी चुकले आणि तू बरोबर निघालीस, हे मला त्या तासात सोसेना.

फक्त तीनच बरण्या कशा गेल्या, असं कोणीही विचारलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी हीटरचं बटण पार टोकाला फिरवलं आणि दार ओढून घेतलं. चार वाजता उरलेल्या अकरा बरण्याही उकडल्या होत्या. मला तेव्हा वाटलं, त्या साध्या उजव्याच तर होत्या. आता तुझी वही वाचून कळतं की त्यातल्या कित्येकींच्या अंगात डावं होतं, आणखी एक पिढी थांबलं असतं तर ते परत मिळालं असतं. तीन बरण्या माझी चूक होती, पण त्या अकरा मी मुद्दाम मारल्या.

मग तुझा फोटो खोटा म्हणून बसवलेल्या चौकशी समितीने मला विचारलं, बाई, तुम्ही कधी डाव्या वळणाचं पिल्लू डोळ्यांनी पाहिलंत का? मी म्हटलं, नाही. शब्दशः ते खरंच होतं, आणि तेवढ्यावर तुझ्या नावावर "निरीक्षण खोटं" असा शेरा पडला. तू माझ्याकडे बघत होतीस. सख्खी बहीण असून एक शब्द माझ्या बाजूने बोलली नाहीस, असं जाताना म्हणालीस. तुला एवढंच ठाऊक होतं, बाकीचं आज सांगितलं.

क्षमा मागत नाही. मागायला आधी काहीतरी हातात हवं. आठ उजव्या खिडकीत आहेत आणि त्यातल्या एकीच्याही शंखावर मी आता विश्वास ठेवत नाही. एकेकीची अंडी बघणार.

ताई


२१ मे

भुंगे,

तुझं कार्ड मिळालं. वर नमस्कार नाही, खाली सही नाही. तीन वाक्यं. "फोटो काढू नकोस. जिवंत दाखव. आणि आधी खरं सांग."

मी ते मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलं आहे. येता-जाता दिसतं.

आता माझं ऐक. आठ उजव्यांपैकी पाचींची अंडी उजवीकडे वळली. एक काही न घालता मेली, तिचं कारण मी नाही, पाणी वगैरे सगळं नीट होतं. उरल्या दोन, चार नंबर आणि सात नंबर.

चार नंबरने एप्रिलच्या अठराला घातली. मी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. चार पेशी झाल्या, मग वरच्या चार फुगायला लागल्या, आणि हलकेच कलल्या, काट्यांच्या उलट्या दिशेने. शेजारचं अंडं पाहिलं, उलटं. पट्टीत एकसष्ट होती, सगळी मोजली. मग उठून खोलीचं दार लावलं आणि बादलीवर बसून रडले. तुझ्यासाठी रडले असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण मी त्या जुन्या तीन बरण्यांसाठी रडले. त्यांच्यात हेच होतं आणि मी त्यावर किटली ओतली.

सात नंबरची अंडीही डावीच. चार नंबरची पिल्लं आता मसुराएवढी झाली आहेत, भिंगाशिवाय वळण दिसतं. कोबीचं पान दिलं की सगळी डावखुरी मंडळी एका रांगेत जेवायला बसतात. त्यांना उजव्यांत सोडत नाही. वहीत तू लिहिलंच आहेस की डावी आणि उजवी यांचं जुळत नाही, अवयव चुकीच्या बाजूला येतात, म्हणून बाहेर डावी एकटी पडते आणि तिचा वंश संपतो. आणि पुढे लिहिलं आहेस की एखाद्या डबक्यात डाव्या-डाव्या एकत्र राहिल्या तर हळूहळू ती वेगळीच जात होऊ शकते, अशा जाती कदाचित अशाच झाल्या असतील. तर सध्या माझं स्वयंपाकघर म्हणजे ते डबकं.

चिठ्ठ्या तुझ्या पद्धतीने लावल्या आहेत. चार आणि सात नंबरवर "डावी" लिहिलं आहे आणि आत उजव्या शंखाची आई आहे. दर वेळी हात शिवशिवतो. मी बरणीला हात लावत नाही.

पंधरा जूनला मोठ्या साहेबांची वेळ घेतली आहे. कारण विचारलं तर टाक्यांच्या खोलीची तक्रार आहे असं सांगितलं. तक्रार माझ्याविरुद्धच आहे, हे तिथे सांगेन.

ताई


१९ जून

भुंगे,

तू सांगितलंस त्याच क्रमाने केलं. आधी खरं.

पण साहेबांच्याही आधी एक जण होता. हीटर बिघडला म्हणून तेव्हा आपल्या वायरमनवर ठपका आला आणि त्याला दूरच्या गोदामात बदलून टाकलं, हे तुला माहीत नसेल. चौदा तारखेला त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने पाणी दिलं, ते तसंच ठेवून मी उभ्याउभ्या सांगितलं. तो म्हणाला, चार वर्षं मी मनात तो हीटर उघडतोय आणि जोडतोय, माझं काय चुकलं ते सापडत नव्हतं. मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. मी त्याला म्हटलं, उद्या तुम्हीही चला, तुमच्या तोंडावर सांगायचंय मला. तो आला, इस्त्रीचा सदरा घालून.

साहेबांच्या खोलीत ते, समितीतले दोघे, वायरमन आणि मी. मी तुला लिहिलं तसंच सगळं सांगितलं, किटलीपासून "नाही" म्हणण्यापर्यंत. साहेबांनी विचारलं, हे आत्ता का सांगता? मी म्हटलं, आत्ता दाखवायला काहीतरी आहे म्हणून. नुसतं सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी पाठवलं असतं आणि तिच्या कामावरचा शेरा तसाच राहिला असता.

मग सगळ्यांना टाक्यांच्या खोलीत नेलं. सात नंबरने त्या सकाळी साडेनऊला घातली होती, आणि ती न घालती तर मी काय केलं असतं देव जाणे. दोन वाजता साहेब मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. मी शेजारी उभी. तीनला दहा कमी असताना त्यांनी बोटाने टेबलावर काट्यांच्या उलट्या दिशेने गोल काढला. समितीतला तो बारीक मिशीवाला म्हणाला, मायक्रोस्कोपमध्ये सगळं उलटंच दिसतं, त्यात काय. तुला आठवत असेल, तुझा फोटो उलटा आहे असं पहिल्यांदा म्हणणारा हाच.

मी भिंतीवरचं घड्याळ काढलं, वरची बाजू खाली करून त्याच्यापुढे धरलं. म्हटलं, "बघा साहेब, बारा खाली गेले. काटे उलटे फिरायला लागले का?"

वायरमनला हसू आलं, त्याने ते खोकल्यात लपवलं. मग मिशीवाला स्वतः बसला, पाच अंडी पाहिली, आणि मी चार नंबरची पिल्लं त्याच्या तळहातावर ठेवली. ती उलटी छापलेली नाहीत हे त्यालाही दिसत होतं.

सह्या होईपर्यंत मी खोलीतून हलले नाही. तुझ्या नावावरचा शेरा काढायचा, तुझं निरीक्षण खरं होतं असं परिषदेला कळवायचं, वायरमनला परत आणायचं. तिघांच्या सह्या आहेत, प्रत सोबत जोडली आहे. चौथी ओळ माझ्याबद्दल. टाक्यांच्या खोलीच्या किल्ल्या त्याच संध्याकाळी परत घेतल्या. निवृत्तीचा समारंभ होणार नाही, उरलेले दोन महिने मी आवक-जावक टेबलावर पाकिटं चिकटवणार. साहेबांनी विचारलं, काही म्हणायचंय? मी म्हटलं, मोठ्या टाकीतली जाळी सैल झाली आहे, नव्या माणसाला सांगा.

बसमध्ये बसले तेव्हा कंबरेला किल्ल्या लागत नव्हत्या. तीस वर्षांत पहिल्यांदा. हात दोनदा तिथे गेला.

ताई


२ जुलै

भुंगे,

साहेब म्हणतात, या गोगलगायी संस्थेच्या, इथेच राहायला हव्यात. मी म्हटलं, संस्थेच्या त्या, ज्या मी उकडल्या. या दातांच्या डॉक्टरच्या आहेत. डॉक्टरने तसं लिहून दिलं आहे, त्याच्या औषधाच्या कागदावर, खाली "दिवसातून दोनदा ब्रश करावा" छापलेलं आहे तेवढं दुर्लक्षून वाच. मग तडजोड झाली. चार नंबरची अर्धी पिल्लं संस्थेला, बाकी सगळं तुझं.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. चार नंबर, सात नंबर आणि पिल्लांच्या पाच बरण्या. सात बरण्या मांडीवर राहत नाहीत, म्हणून वायरमनने लाकडी खोकं करून दिलं आहे, प्रत्येक बरणीला वेगळा खण, झाकणाला भोकं. सहा तासांचा प्रवास आहे, पण पाणी डचमळणार नाही असं त्याचं म्हणणं आहे.

येऊ नकोस असं कार्ड टाकलंस तर ते मी निघाल्यावर इथे पोचेल, हे मी मोजून ठेवलं आहे.

दार उघडायचं की नाही ते तू ठरव. तुला तो हक्क आहे आणि तो मीच तुला दिला. घंटा एकदाच वाजवेन. नाही उघडलंस तर खोकं उंबऱ्याबाहेर, सावलीत ठेवीन आणि जिना उतरून समोरच्या बाकावर बसेन. संध्याकाळच्या परतीच्या गाडीपर्यंत बसेन. तेवढ्यात बरण्या आत घे, ऊन फिरून उंबऱ्यावर आलं तर सोसायचं नाही त्यांना.

पाणी तिसऱ्या दिवशी बदलायचं, अर्धंच. नळाचं लगेच घालू नकोस, रात्रभर उघडं ठेव. सात नंबरला कोबी आवडत नाही, तिला काकडी दे.

आणि चार आणि सातवर "डावी" लिहिलं आहे. आत उजव्या दिसतील. चिठ्ठी बरोबर आहे.

ताई